वाटी कुणी हलवली?

आमच्या वसतिगृहात प्लँचेट कॅरमबोर्डावर चालायचं. चारी कडांनी खडूने ए पासून झेडपर्यंत अक्षरं, एका कोपऱ्यात 'हो', समोरच्या कोपऱ्यात 'नाही', आणि मधोमध मेसमधून पळवलेली स्टीलची वाटी, पालथी. बोरिक पावडर आधीच सांडलेली असायची. दिवा मालवून मेणबत्ती लावायची, चौघींनी एकेक बोट वाटीच्या बुडावर टेकवायचं, आणि जी सगळ्यांत धीट तिने विचारायचं, "कुणी आलंय का?"

१९८७ सालच्या त्या रात्री वाटी बराच वेळ ढिम्म बसली होती. मग थरथरली, सुटली आणि अशी धावायला लागली की आमची बोटं तिच्यामागे ओढली जात होती. कोण आलंय, तर आजी. कुणाची, तर माझी. ती त्याच वर्षी आषाढात गेली होती. एका मैत्रिणीने अक्कल लढवली: आजी तुला काय हाक मारायची ते विचार, म्हणजे खरंखोटं कळेल. वाटी टी वर गेली, मग एच वर, मग ए, के, आय. ठकी.

त्या खोलीत हे नाव माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. मी ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका मैत्रिणीने नाश्त्याच्या टेबलावर निकाल दिला, "ढकललीस तू." मी तिच्याशी पंधरा दिवस बोलले नाही.

मी वाटी ढकलली नव्हती. हे मी आजही कुणाच्याही पायावर हात ठेवून सांगेन. आणि वाटी मीच हलवली होती, हेही आज तितक्याच खात्रीने सांगते. ही दोन वाक्यं एका पाटावर बसवायला मला बरीच वर्षं लागली. तर्काने ती बसली नाहीत. बसली ती या वाटीचं कूळ शोधताना.

या कुळातली सर्वांत जुनी खापरपणजी मला सापडली ती चौथ्या शतकातल्या अँटिओकमध्ये. रोमन सम्राट व्हॅलेन्सच्या राज्यात, इसवी सन ३७१ च्या सुमारास, काही मंडळींनी लॉरेलच्या काटक्यांची तिवई केली, तिच्यावर धातूचं ताट ठेवलं, ताटाच्या काठावर ग्रीक मुळाक्षरं कोरली आणि वर बारीक दोऱ्याने अंगठी टांगून धरली. पुढचा सम्राट कोण, असा प्रश्न होता. अंगठी झुलत झुलत अक्षरांपाशी गेली आणि 'थिओड' एवढं निघालं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "थिओडोरस!" मग पुढची अक्षरं कुणी विचारलीच नाहीत. बातमी फुटली, तिवई पुरावा म्हणून न्यायालयात आणली गेली आणि बिचारा थिओडोरस इतर अनेकांबरोबर जिवाला मुकला. पुढे ३७८ साली व्हॅलेन्स लढाईत मारला गेला आणि ३७९ मध्ये गादीवर आला तो थिओडोसियस. अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की ती लिहून ठेवणारा अमियानस मार्सेलिनस हा इतिहासकार थिओडोसियसच्याच राजवटीत लिहीत होता. उत्तर सगळ्यांना माहीत झाल्यानंतर सांगितलेलं हे कोडं आहे. तरी उपकरण तेच: अक्षरं, एक हलती वस्तू आणि तिला धरलेला माणसाचा हात.

हात हा या घराण्याचा कुलधर्म. म्हणून कोकण-गोव्यातला कौल या घराण्यातला नव्हे. तिथे पाकळी पाण्याने मूर्तीला चिकटवतात आणि ती वाळून आपली आपण गळते. उजवी पडली की डावी, याचा अर्थ गुरव लावत असेल, पण पाकळीला कुणाचं बोट लागलेलं नसतं. अंगात येणं, घुमणं हेही वेगळं. प्लँचेटमध्ये माणूस शुद्धीवर असतो, नेहमीच्या आवाजात बोलतो आणि आपण काहीच करत नाही असं त्याला मनापासून वाटत असतं.

हे 'मनापासून' पहिल्यांदा कुणी गांभीर्याने घेतलं असेल तर मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. चरबीचं रसायन उलगडणारा, साबण आणि मेणबत्तीच्या धंद्याचं नशीब पालटणारा हा माणूस १०२ वर्षं जगला. १८१२ च्या सुमारास त्याच्या कानावर आलं की दोऱ्याला टांगलेली लोखंडी अंगठी पाऱ्यावर धरली तर ती आपोआप झुलू लागते. त्याने स्वतः धरून पाहिली. झुलली. पारा आणि अंगठी यांच्यामध्ये काच सरकवली. झोका मंदावत थांबला. काच काढली, पुन्हा झुलली. इथे एखाद्याने 'पाऱ्यातून काहीतरी निघतं आणि काच ते अडवते' असा शोध जाहीर करून टाकला असता. प्रयोग झाला होता, पुन्हा करून पाहिला होता, आणि पाहणारा प्रामाणिक होता.

शेव्रलने मात्र शंका घेतली ती स्वतःच्या हातावर. त्याने दंडाखाली लाकडाचा आधार घेतला. झोका कमी झाला. आधार बोटांकडे सरकवत नेला तसतसा तो आणखी कमी होत गेला. शेवटी त्याने डोळे बांधून घेतले आणि काच कधी घालायची, कधी काढायची हे दुसऱ्यावर सोपवलं. आता काच असो की नसो, अंगठीला काही फरक पडेना. म्हणजे काच अडवत होती ती पाऱ्याच्या शक्तीला नव्हे, शेव्रलच्या अपेक्षेला. काच आली की थांबेल, असं त्याच्या डोळ्यांनी हाताला सांगितलं होतं आणि हाताने ते त्याला न विचारता ऐकलं होतं. हे त्याने भौतिकशास्त्रज्ञ आंपेअरला लिहिलेल्या खुल्या पत्रात छापलं १८३३ साली, प्रयोगानंतर वीसेक वर्षांनी. माझ्या वाचनात त्या साऱ्या काळात इतका सभ्य संशयवादी दुसरा नाही. त्याने कुणाला लबाड ठरवलं नाही. झुलणारी अंगठी त्याच्याच हातात होती.

मग १८४८ आलं. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल नावाच्या खेड्यात मॅगी आणि केट फॉक्स या मुलींच्या खोलीत ठकठक ऐकू येऊ लागली आणि प्रश्नांना ठोक्यांनी उत्तरं मिळू लागली. पाच वर्षांत हे वेड समुद्र ओलांडून युरोपभर पसरलं. पाच-सात जणांनी टेबलावर हात टेकायचे आणि टेबल फिरू लागायचं, कलायचं, पायाने ठोके द्यायचं. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, मॅगीने न्यूयॉर्कच्या भरलेल्या सभागृहात पायाच्या बोटांचे सांधे वाजवून दाखवले आणि सगळी लबाडी असल्याचं कबूल केलं. पुढच्याच वर्षी तिने कबुली मागेही घेतली. लोक या कबुलीपाशी थांबतात आणि सगळाच मामला थोतांडात काढतात. ही घाई आहे. मॅगीची बोटं खोटी होती म्हणून लंडन-पॅरिसच्या दिवाणखान्यांत टेबलाभोवती बसलेले हजारो लोक खोटे ठरत नाहीत. त्यांचं टेबल खरंच फिरत होतं.

१८५३ मध्ये या टेबलाकडे मायकेल फॅरेडे वळला. विद्युतचुंबकाचा केवढा मोठा माणूस, आणि लोक तर म्हणत होते की टेबल विजेनेच फिरतं. त्याने आधी प्रामाणिक माणसं निवडली, ज्यांच्या हाताखाली टेबल फिरतं आणि ज्यांना फसवायचं नाही अशी. मग त्यांच्या हातांखाली काच, पुठ्ठा, रबर, लाकूड, काय काय घालून पाहिलं. टेबल फिरतच राहिलं. वीज नाही, चुंबक नाही. मग त्याने गुळगुळीत पुठ्ठ्याचे चार-पाच तुकडे एकावर एक रचले, मध्ये मऊ चिकट मेणासारख्या लुकणाच्या गोळ्या लावल्या आणि कडांवर पेन्सिलीने खूण केली. टेबल हाताला ओढत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकेल आणि वरचे मागे राहतील. हात टेबलाला ढकलत असेल तर वरचा पुढे जाईल. बैठक संपल्यावर पाहिलं तर वरचा पुठ्ठा सर्वांत पुढे गेलेला होता.

त्याच्या पुढची पायरी मला याहून सुंदर वाटते. त्याने एक तरफ बसवली. हात जरासाही बाजूला कलला की तिचा काटा हलायचा. काटा झाकलेला असला की टेबल नेहमीसारखं फिरायचं. काटा बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवला की टेबल फिरणंच बंद. आपण ढकलतोय हे दिसू लागल्याबरोबर त्यांच्या हाताने ढकलणं सोडून दिलं. रागावणं नाही, 'पकडला' म्हणणं नाही, फक्त एक काटा. हे सगळं त्याने त्याच वर्षी जूनच्या अखेरीस 'टाइम्स'ला पत्र लिहून कळवलं. या हालचालीला नाव त्याआधी वर्षभर विल्यम कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञाने दिलं होतं: आयडिओमोटर. विचार मनात आला की स्नायू त्याच्या मागून किंचित हलतो, आणि इच्छेला त्याची खबर नसते.

म्हणजे आमच्या वाटीचं पूर्ण उत्तर १८५३ सालीच छापून आलं होतं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर हद्दपारीत राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगोच्या घरी टेबलाने पहिल्यांदा उत्तर दिलं. बोललं कोण, तर लिओपोल्डीन, दहा वर्षांपूर्वी सेन नदीत बुडून गेलेली त्याची मुलगी. पुढे दोनेक वर्षं त्या घरातल्या बैठकी चालल्या. अशा बापासमोर फॅरेडेचा पुठ्ठा कुणी आणि कसा न्यायचा? मला आषाढातली आजी आठवते आणि मी ह्यूगोला हसू शकत नाही.

टेबल अवजड, ठोके मोजणं कंटाळवाणं. पॅरिसमध्ये कुणीतरी छोट्या टोपलीत पेन्सिल खोचली, मग टोपलीच्या जागी चाकांवर सरकणारी लाकडी फळी आली. फ्रेंचमध्ये छोटी फळी म्हणजे प्लँशेत. आपलं 'प्लँचेट' हे तेवढंच, फळकुट. फळी कागदावर गिचमिड लिहायची आणि ती वाचता येणं हीच एक सिद्धी होती. अमेरिकनांनी ती अडचण दूर केली: पेन्सिल काढून टाकली आणि अक्षरं पाटावर छापली. बाल्टिमोरच्या या पाटाचं पेटंट एलायजा बाँड याच्या नावाने १० फेब्रुवारी १८९१ रोजी नोंदलं गेलं. त्याचं नाव ओइजा. मृतांशी बोलण्याचं साधन तिथे पत्त्यांच्या कॅटसारखं खेळण्यांच्या दुकानात मिळू लागलं. १९६६ मध्ये मोनोपॉली बनवणाऱ्या पार्कर ब्रदर्सने ते विकत घेतलं. भुताची भीती त्याला चिकटली ती मुख्यतः १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट' या सिनेमाने.

आपल्याकडे परलोकाची ही इंग्रजी वाट उघडली ती मुंबईच्या बंदरातून. थिऑसॉफी पंथाचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले आणि थिऑसॉफीचं मासिकही तिथूनच सुरू झालं. १८८४ च्या अखेरीस लंडनच्या अतींद्रिय संशोधन मंडळाचा रिचर्ड हॉजसन चौकशीला आला आणि बाईंचे चमत्कार त्याने बनावट ठरवले. तोवर शिकलेल्या घरांत रस रुजला होता. बंगालमध्ये रवींद्रनाथांनी १९२९ च्या हिवाळ्यात एका तरुणीला माध्यम करून गेलेल्या आप्तांशी संवाद केले. मुंबईत व्ही. डी. ऋषी यांनी परलोकविद्येच्या प्रसाराला वाहून घेतलं. शिकलेल्यांना हे का आवडलं असावं, याचा माझा अंदाज साधा आहे. इथे भगत नाही, लिंबू-टाचण्या नाहीत, कोंबडं नाही. अक्षरं आहेत, टेबल आहे, प्रश्नोत्तरं आहेत. प्रयोगशाळेत बसल्यासारखं वाटतं आणि वाड्यातल्या देवऋषीला आपण हसतो ते हसतच राहता येतं.

माझा उलगडा झाला तो वयाच्या चाळिशीनंतर, आणि तोही शुद्धलेखनामुळे. आजी पोथी घडाघडा वाचायची, पण इंग्रजी अक्षर तिला एकही येत नव्हतं. गॅसच्या बिलावर आडवी रेघ ओढून ती सही करायची. मग मेल्यावर तीन महिन्यांत ती ए-बी-सी-डी शिकली, आणि 'ठ' साठी टी-एच लिहायचं हेही, अगदी मी लिहिते तसं? एवढा साधा प्रश्न मला एकोणीस वर्षं पडला नव्हता. मैत्रिणींच्या स्नेहमेळाव्यात आम्ही पुन्हा कॅरमबोर्ड मांडला, चौघींनीही ओढण्यांनी डोळे बांधले आणि पाचवीने गुपचूप बोर्ड पाव वळणाने फिरवला. वाटी झकास धावली. थांबली मात्र जिथे अक्षरं पूर्वी होती तिथे. कागदावर जे उतरलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं.

मग 'ठकी'? खोलीत ते नाव फक्त मला माहीत होतं, हा तेव्हा चमत्काराचा पुरावा वाटला. तोच खरं तर माझ्याविरुद्धचा पुरावा होता. चौघींची बोटं, पावडर लावलेली गुळगुळीत फळी आणि एकदा सुटली की थोड्या जोरावर धावणारी वाटी. प्रत्येकीला वाटतं दुसरीचा जोर आहे. उरलेल्या तिघींना पुढचं अक्षर माहीत नव्हतं, म्हणून त्यांची बोटं नुसती मागे आली. ज्या बोटाला माहीत होतं ते पुढे गेलं.

यातला 'माहीत' हा शब्द साधा नाही. २०१२ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ओइजासमोर बसवून हो-नाहीचे प्रश्न विचारले. डोळे बांधले आणि जोडीदाराने गुपचूप बोट काढून घेतलं. हलवत होता तो माणूस एकटाच, समज मात्र दोघांची. ज्या प्रश्नांवर हे लोक 'मी नुसता अंदाज करतोय' म्हणाले, तिथे तोंडी उत्तरं निम्मीच बरोबर निघाली, नाणं उडवल्यासारखी. ओइजावर मात्र सुमारे ६५ टक्के. आपल्याला माहीत आहे हे आपल्यालाच माहीत नसतं असं काही हात सांगून जातो. वाटी बोलते हे खरंच आहे. ती बोलते त्यातलं सगळं आपल्या घरचं असतं, इतकंच.

हे विसरलं की काय होतं, त्याचं सर्वांत करुण उदाहरण प्लँचेटचं नाव न घेता घडलं. १९९० च्या आसपास अमेरिकेत बोलू न शकणाऱ्या स्वमग्न मुलांचा हात मदतनीसाने धरायचा आणि मुलाने टंकफलकावर अक्षरं दाबायची, अशी पद्धत पसरली. मुलं एकदम कविता लिहू लागली. आईवडिलांना मूल नव्याने भेटलं. काही मुलांनी घरच्यांवर अत्याचाराचे आरोपही टंकले आणि कुटुंबं मोडली. शेवटी संशोधकांनी मुलाला एक चित्र दाखवलं आणि मदतनीसाला दुसरं. टंकलेलं उत्तर यायचं ते मदतनीसाने पाहिलेल्या चित्राचं. मदतनीस लबाड नव्हते. चाचणीचा निकाल पाहून त्यांच्यातले काही कोसळलेच. आणि तशीच बिनबुडाची वस्तू कुणी लबाडाने विकली तर काय होतं, ते इराकने पाहिलं. मुठीत धरायची, पुढे मोकळी फिरणारी अँटेना, आत काहीही नाही, असं 'बाँबशोधक' यंत्र बगदादच्या नाक्यानाक्यावर होतं. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला ब्रिटिश न्यायालयाने २०१३ मध्ये दहा वर्षांची सजा दिली. अँटेना धरलेल्या पोलिसांनाही ती आपोआप वळल्यासारखीच वाटत असणार.

आपल्या शिवारात याच कुळातला माणूस दर उन्हाळ्यात दिसतो: पाणाड्या. हातात दुबेळक्याची फांदी, नाहीतर तळहातावर आडवा नारळ. पाणी लागलं की फांदी खाली ओढली जाते, नारळ उभा राहतो. १५५६ साली छापलेल्या आपल्या खाणशास्त्राच्या ग्रंथात अ‍ॅग्रिकोलाने अशा फांदीवाल्यांचं चित्र दिलं आहे आणि जाणत्या खाणवाल्याला फांदीची गरज पडत नाही असंही बजावलं आहे. मी पाणाड्याला भोंदू म्हणणार नाही. उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे, उतार कुठे मुरतो, हे त्याचे डोळे जन्मभर टिपत आलेले असतात. ही लक्षणं वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त लिहून ठेवली आहेत. डोळ्यांनी टिपलेलं हात सांगत असेल तर नवल नाही. पण ही खूण काढून घेतली तर? १९९० मध्ये जर्मनीत कासेल इथे सपाट जमिनीखाली नळ पुरून तीसेक पाणाड्यांना विचारलं, आत्ता पाणी वाहतंय की नाही. उत्तरं नशिबाच्याच हिशोबाने आली. आणि दख्खनचा काळा पाषाण तर पाणी ठेवतो भेगांत, सांध्यांत आणि कुजक्या थरात. एका बोअरला दोन इंच पाणी आणि शेजारच्या बोअरला नुसता फुफाटा, हे इथे रोजचं. लागलेलं बोअर गावभर सांगितलं जातं, कोरडं गेलेलं बुजवलं जातं.

या उन्हाळ्यात माझा भाऊ गावी बोअर घेणार आहे आणि पाणाड्या ठरलेला आहे. मी त्याला अडवलेलं नाही. एवढंच सांगितलं आहे, आणि तुमच्याही शेतात वेळ आली तर तुम्हालाही तेच सांगते: त्याला मानाने चहा द्या, त्याने दाखवलेल्या जागेवर खुंटी ठोका, मग खुंटी उपटून घ्या, त्याचे डोळे गमछाने बांधा आणि शेताच्या दुसऱ्या बांधावरून पुन्हा चालवा. नारळ त्याच जागी उभा राहिला तर बोअरवाल्याला फोन करा. नाहीतर आधी भूजल सर्वेक्षणवाल्यांना विचारा.